आटलेलं आणि अडलेलं

पाळी बंद झालेली बाई समोर येऊन बसली, की "किती महिने झाले?" असं कुमुद मॅडम आधी कधीच विचारत नसत. चहाच्या गरम पेल्याभोवती दोन्ही हात धरून त्या तळवे ऊबदार करून घेत. मग बाईचा हात छोट्या उशीवर ठेवत, मनगटावर तीन बोटं टेकवत आणि विचारत, "ज्या वर्षी बंद झाली, त्या वर्षी घरात काय झालं होतं?"

बाया चपापायच्या. काहीजणी "काय न्हाई, सगळं बरं हाय" म्हणायच्या. मॅडम बोटं काढायच्या नाहीत. गप्प बसून राहायच्या. मी भिंतीपलीकडून मनात आकडे मोजायचे. तीसपर्यंत पोचायच्या आत बहुतेक वेळा पलीकडून हुंदका यायचा.

कोल्हारला नगर-मनमाड रस्त्याच्या कडेला एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आम्हा दोघींच्या खोल्या शेजारी शेजारी होत्या. माझी रक्त-लघवी तपासायची लॅब आणि त्यांचा सुयांचा दवाखाना. मधली भिंत प्लायवूडची, त्यामुळे पलीकडचं सगळं ऐकू यायचं. त्यांना ते माहीत होतं. एकदा मी कानकोंडी होऊन तसं बोलले, तर म्हणाल्या, "ऐक की. पण बाहेर बोललीस तर तुलाच सुया लावीन."

त्या साठीच्या घरातल्या. उंच, काटक, पांढरे केस घट्ट बांधलेले, सुती साडी आणि पायात कॅनव्हासचे बूट. पंचवीस वर्षं नर्स म्हणून काढली, त्या नोकरीतून हे बूट आणि उभ्याउभ्या जेवायची सवय एवढंच घरी आणलं, असं त्या सांगत. 'पाळी' हा शब्द त्या मोठ्यानं उच्चारायच्या. 'अडचण', 'बाहेरची', 'कावळा' असलं काही त्यांना चालायचं नाही. समोरचा झेरॉक्सवाला त्यांच्या आवाजानं मान खाली घालून बसायचा. "त्याच्या आईला आली नसती तर हा झेरॉक्स काढायला आला असता का?" त्या मला विचारायच्या, तेही त्याला ऐकू जाईल अशा आवाजात.

पाळी नाही म्हणून आलेल्या प्रत्येक बाईला त्या पहिल्यांदा माझ्याकडे पाठवायच्या. दिवस गेलेत का एवढं आधी बघून घ्यायचं. ते नसेल तर मग सुया. सुरुवातीला मला या सुयांचा काही विश्वास नव्हता. मी आकड्यांची माणूस. मशीन सांगेल ते खरं. त्यांनी मला कधी पटवायचा प्रयत्न केला नाही. एकदा वीज गेली होती, दोघी दारात बसलो होतो, तेव्हा मीच विचारलं, "मॅडम, हे चिनी लोक पाळीबद्दल नक्की म्हणतात तरी काय?"

"अगं, सोपं आहे," त्या म्हणाल्या. "त्यांनी फार जुन्या काळी लिहून ठेवलंय. पाळी दोन तऱ्हांनी थांबते. एक, विहीरच आटली. अंगात रक्तच नाही तर येणार कुठून? पोटाला नाही, बाळंतपणावर बाळंतपण, जिवाला घोर. दुसरी, विहिरीला पाणी आहे पण पाट तुंबलाय. राग गिळला, दुःख गिळलं, गारठा बसला, रक्त वाटेत अडलं. आटलेलं असेल तर भरायचं. अडलेलं असेल तर मोकळं करायचं. आटलेलं कुठलं आणि अडलेलं कुठलं, एवढं ओळखता आलं की झालं."

आमच्याकडच्या बायांना हे माझ्याआधी समजायचं. कालव्याच्या पाण्यावर वाढलेल्या बाया. एकीनं तर पलंगावर आडवं होता होताच सांगितलं होतं, "मॅडम, इहीर भरल्याली हाय बगा. तुमी पाटाचं दारं तेवडं मोडा!"

सुयांबरोबर त्या एक धुरी द्यायच्या. दवण्याच्या जातीतल्या कुठल्याशा पाल्याची विडीसारखी जाड कांडी पेटवून पोटाजवळ, घोट्याजवळ धरायची. तिचा वास भलताच. एकदा नवीन आलेला पोलीस थेट आत घुसला. "इथं गांजा कोन वडतंय?" आत कुठल्यातरी गावच्या पाटलीणबाई पोट उघडं टाकून झोपलेल्या. त्यांनी जी किंकाळी फोडली, त्यानं तो पोलीस उलट्या पावली रस्त्यावर. मॅडम कांडी हातात घेऊन मागोमाग बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "साहेब, घरी मंडळींना पाठदुखी आहे का? असेल तर पाठवून द्या." पुढच्या आठवड्यात त्याची बायको खरंच आली.

सोनईची एक व्यापाऱ्याची बायको यायची. भरल्या अंगाची, बोलायला कडक. आठ महिने पाळी नाही, छातीत गोळा आल्यासारखं होतंय, झोप नाही. मॅडमनी नेहमीचा प्रश्न विचारला. ती म्हणाली, "काय न्हाई झालं." चार खेपा तिनं हेच सांगितलं. पाचव्या खेपेला पावलावर, अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या मधल्या खळगीत मॅडमनी सुई लावली, आणि बाई एकदम बोलायला लागली. सख्ख्या बहिणीच्या लेकीचं लग्न झालं आणि हिला आमंत्रण नाही. रडली, भांडली, बहिणीला नाही नाही ते बोलली. मॅडम नुसत्या "हं, हं" करत होत्या. मग सुया काढून म्हणाल्या, "घरी जाताना बहिणीच्या गावावरून जा." बाई फणकाऱ्यानं निघून गेली. दोन दिवसांनी मॅडमचा फोन वाजला आणि भिंतीपलीकडून मला त्या बाईचा आवाजसुद्धा ऐकू आला, इतकी ती ओरडत होती. "मॅडम, आली! भैनीच्या घरातच आली! तिचीच साडी नेसून परत आले!"

त्या दिवशी मॅडम दुपारी बसून जेवल्या.

त्यांचं स्वतःचं मला फार उशिरा कळलं. कोपरगावजवळच्या त्या. लग्न झालं, पहिलं मूल पोटातच गेलं आणि त्यानंतर पाळी आलीच नाही. तेव्हा वय सव्वीस. औषधं झाली, गंडेदोरे झाले, सासरचे दमले आणि नवऱ्यानं दुसरं लग्न केलं. त्या नर्सिंगच्या नोकरीत पडून राहिल्या. पुढं कुणीतरी मुंबईला एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडे नेलं, ते चीनमध्ये शिकून आलेले. त्यांनी मनगट धरलं आणि विचारलं, "त्या वर्षी काय झालं होतं?"

"मी त्यांना सांगितलं, मूल गेलं," मॅडम म्हणाल्या. "तर म्हणाले, नाव काय ठेवणार होतीस? सुलभे, सहा वर्षांत मला कुणी हे विचारलं नव्हतं."

"मग आली का पाळी?"

"चार महिने आली. मग परत गेली. पण मला तेवढं पुरलं."

त्या मुलाचं नाव मी विचारलं नाही. आता वाटतं, विचारायला हवं होतं.

अश्विनी आली ती पावसाळा संपताना. पाथर्डीकडच्या कोरडवाहू गावातली पोरगी, कोल्हारजवळच्या मळ्यात दिलेली. वय बावीस. तिची सासू पारूबाई तिला घेऊन आली होती. लग्नाला तीन वर्षं झालेली, मूल नाही आणि सात महिन्यांपासून पाळी नाही. नवरा सोमनाथ उसाच्या ट्रॅक्टरवर. पारूबाई वाईट नव्हती. नातेवाईक तिच्या पोरासाठी दुसरी मुलगी बघायला लागले होते, म्हणून ती घाबरली होती.

"मोट्या दवाखान्यात न्यायचं म्हनलं की गावभर व्हतंय मॅडम," ती म्हणाली. "तुमीच काय ते करा."

माझ्याकडे दिवस गेलेत का ते बघितलं, नव्हते. हिमोग्लोबिन फारच कमी. पलीकडे मॅडमनी मनगट धरलं. नाडी बारीक आणि पळणारी. तळहात-तळपाय गरम. संध्याकाळी अंग कोमट होतं, गालावर लाली येते, पहाटे घाम सुटतो. पोरगी वाळत चाललेली. मॅडम बाहेर आल्या त्या उजळलेल्या चेहऱ्यानं.

"आटलेलं आहे," त्या म्हणाल्या. "स्वच्छ आटलेलं. पुस्तकात जसंच्या तसं दिलंय. कोरड्या रक्ताची झीज म्हणतात तिला. भरायला वेळ लागेल, पण भरू."

तिच्या नळीत घेतलेल्या रक्तातून मी माझ्याच मनानं आणखी एक तपासणी केली होती. अंगात कुठं सूज, कुठं जुनाट आजार दबा धरून असेल तर हा आकडा चढतो. तो खूप चढलेला होता. मी कागद घेऊन पलीकडे गेले. "मॅडम, छातीचा फोटो काढून घ्यायचा का हिच्या?"

"खोकला आहे का तिला?"

"नाही."

"मग? अंगात रक्त नाही, कसला आकडा बरोबर येणार आहे?" त्या हसल्या. "तुझ्या मशीनला नाडी कळत नाही गं."

मी कागद त्यांच्या टेबलावर ठेवला आणि परत आले. मी आणखी एकदा म्हणू शकले असते. म्हटलं नाही.

अश्विनी आठवड्यातून दोनदा यायची. गुडघ्याखाली, घोट्याच्या आतल्या अंगाला चार बोटं वर, अशा ठरलेल्या जागी सुया, आणि धुरी. घरी काळे तीळ, खजूर, बोकडाच्या पायाचं सूप. पारूबाई माळकरी, पण सुनेसाठी चुलत जावेच्या घरून पायाचं सूप करून आणायची. मॅडमनी अश्विनीसाठी वेगळी वही घातली होती. त्या वहीत दर संध्याकाळचा ताप लिहायचा. सोमनाथ ट्रॅक्टरवरून फोन करून सांगायचा आणि मॅडम लिहून घ्यायच्या.

पोरगी पहिले दोन महिने काहीच बोलली नाही. "त्या वर्षी काय झालं?" या प्रश्नाला तिचं एकच उत्तर, "काई नाई." मग एके दिवशी सुया लावलेल्या असताना आपणहून म्हणाली, "मॅडम, मला शाळंत कबड्डी लई यायची." मॅडमनी विचारलं, "चढाई का पकड?" तिथून जे सुरू झालं ते थांबेचना. ती तिच्या गावच्या गोष्टी सांगायची, टीमच्या पोरींच्या नकला करायची. पलंगावर पायात सुया आणि वर दोन्ही हात चढाईला पसरलेले. मॅडम तिला ओरडायच्या, "हलू नको, सुई वाकेल!" आणि स्वतःच हसायच्या. दुसरा पेशंट नसला की त्या तिला जाऊ द्यायच्या नाहीत. डब्यातलं अर्धं तिला घालायच्या. तेव्हा त्या रोज बसून जेवायला लागल्या होत्या.

एकदा अश्विनी गेल्यावर मला म्हणाल्या, "माझं जगलं असतं तर हिच्यापेक्षा मोठं असतं." आणि लगेच धुरीच्या कांड्या मोजायला लागल्या.

थंडीत अश्विनी धापा टाकत जिना चढून आली. "मॅडम! आलं! आलं थोडं!" नुसता डाग होता. पण पारूबाई मागून पेढे घेऊनच आलेली. मॅडमनी पेढा अश्विनीच्या तोंडात घातला, माझ्या घातला, खाली जाऊन झेरॉक्सवाल्यालाही दिला. त्यानं विचारलं, "कशाचे?" तर म्हणाल्या, "विहिरीला पाणी लागलं!"

आठ-दहा दिवसांनी अश्विनीचं डोकं दुखायला लागलं. उलटी झाली. मॅडमनी अंगठ्याच्या बेचक्यात सुई लावली, थोडं कमी आलं. "दोन दिवस बघू," त्या म्हणाल्या. ते शब्द मी भिंतीपलीकडून माझ्या कानांनी ऐकले.

तिसऱ्या दिवशी दुपारी सोमनाथचा फोन आला. ती कुणाला ओळखत नव्हती. आम्ही दोघी मळ्यात गेलो आणि टेम्पोत गादी टाकून तिला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिचं डोकं मॅडमच्या मांडीवर होतं, मी पायाशी.

तिथली डॉक्टर तिशीची असेल. पाठीतून पाणी काढलं, फोटो काढले, सोनोग्राफी झाली. संध्याकाळी तिनं आम्हा सगळ्यांना बाहेर बोलावलं. क्षय होता. छातीत नाही, गर्भपिशवीत. बरेच महिने तिथं धुमसत होता, पाळी त्यानंच गेली होती आणि आता तो मेंदूच्या आवरणापर्यंत पोचला होता.

"संध्याकाळचा ताप किती दिवसांपासून होता?" तिनं विचारलं.

सोमनाथनं खाली बघितलं. पारूबाईनं पदर तोंडाला लावला.

"आमच्याकडे आली तेव्हाही होता," मॅडम म्हणाल्या. "तेव्हापासूनचा रोजचा लिहून ठेवलाय." आणि पिशवीतून वही काढून त्यांनी तिच्या हातात दिली.

त्या डॉक्टरनं पानं उलटली. ओळीनं तारखा, ओळीनं ताप, सुंदर टपोऱ्या अक्षरात. ती चिडेल असं मला वाटलं. ती चिडली नाही. वही मिटून परत देताना एवढंच म्हणाली, "तुम्ही नर्स होतात ना?"

मॅडम "हो" म्हणाल्या.

अश्विनी अकरा दिवस होती. मॅडम तिथंच राहिल्या, बाकावर. एका सकाळी मी डबा घेऊन गेले तेव्हा तिनं डोळे उघडले होते. तिनं मॅडमकडे बघितलं आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, "माय, घराकडं चल."

तिची आई तेव्हा उसाच्या टोळीबरोबर कर्नाटकात होती. निरोप पोचला होता, पण ती वाटेत होती.

"चल," मॅडम म्हणाल्या. "चल बाळा. बूट घालते आणि निघू."

त्यानंतर ती बोलली नाही. आई पोचली ती दुसऱ्या दिवशी, सगळं झाल्यावर.

तेराव्यानंतर पारूबाई दवाखान्यात आली. मी उठून पलीकडे गेले, कारण मला वाटलं ती भांडेल आणि मॅडम एकट्या आहेत. ती खुर्चीवर बसली नाही, खाली फरशीवर बसली. म्हणाली, "तुमी लई केलं मॅडम. पोरगी आमच्यात कदी हासली न्हाई, ती हितं हासायची."

"पारूबाई, मी चुकले," मॅडम म्हणाल्या. "ताप मला दिसत होता. मी रोज लिहीत होते."

"आमाला बी दिसत हुताच की," पारूबाई म्हणाली. "कोन कुनाला बोल लावनार?"

मॅडम तिच्यासमोर फरशीवर बसल्या. त्यांना शिव्या हव्या होत्या, हे मला तेव्हा कळलं. तिनं दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मग पारूबाई उठली, पलंगावरच्या चादरीवरून एकदा हात फिरवला आणि गेली.

दवाखाना त्या महिन्यातच बंद झाला. मी खूप समजावलं. सोनईची बाई आली, पोलिसाची बायको आली. म्हटलं, "मॅडम, इतक्या बायका बऱ्या झाल्या. एकीच्या बाबतीत पुस्तक चुकलं."

"पुस्तक नाही चुकलं," त्या म्हणाल्या. त्यांनी जुनी, पिवळी पडलेली टिपणं काढली, मुंबईच्या डॉक्टरांकडे शिकताना लिहिलेली. एका पानावर बोट ठेवलं. कोरड्या रक्ताची झीज. खाली लक्षणं: संध्याकाळचा ताप, तळहात गरम, गाल लाल, पहाटेचा घाम, पाळी बंद. आणि शेवटी, त्यांच्याच अक्षरात: हे फार वाईट दुखणं, यातून थोडीच वाचतात.

"चिन्यांना हा क्षयच दिसत होता, सुलभे. त्यांच्याकडे गोळी नव्हती म्हणून ते रक्त भरत बसले. आपल्याकडे गोळी आहे. सरकारी दवाखान्यात फुकट आहे. मी नर्स आहे. आणि मी ही शेवटची ओळ वाचून पान उलटलं." मग म्हणाल्या, "तू कागद आणून दिला होतास. मी तुझ्यावर हसले."

"मी परत म्हणायला हवं होतं, मॅडम."

त्यांनी "नाही" म्हटलं नाही. त्याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे.

पुढं त्या आरोग्य केंद्रात गेल्या आणि क्षयाच्या गोळ्या घरोघर द्यायचं काम मागून घेतलं. बायका रस्त्यात थांबवून "सुया कधी चालू करणार?" विचारायच्या. त्या विचारायच्या, "ताप येतो का संध्याकाळी?" आणि उत्तर येईपर्यंत हलायच्या नाहीत. कॅनव्हासच्या बुटांनी वाड्यावस्त्या पायाखाली घातल्या. मी आता पाळीचा पेशंट आला की हजार प्रश्न विचारते, लोक कंटाळतात, विचारू देत. माझ्याकडे त्या क्वचित यायच्या. आल्या तरी पलीकडच्या खोलीकडे बघायच्या नाहीत. तिथं मोबाईलचं दुकान झालं होतं. तब्येत उतरत गेली. जेवण जवळजवळ सुटलं. दोन वर्षं त्यांनी अशी काढली आणि एका फेब्रुवारीत, भावाच्या घरी कोपरगावला, दुपारी झोपल्या त्या उठल्याच नाहीत.

त्याच्या महिनाभर आधी मी त्यांना शेवटचं पाहिलं, तेही एस्टीच्या खिडकीतून. कोपरगावला भाचीच्या लग्नाला निघाले होते. कारखान्याच्या वळणावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली आणि गाडी थांबली. रस्त्याच्या कडेला ऊसतोड्यांच्या कोप्या, पाचटाच्या झोपड्या, होत्या. एका कोपीसमोर मॅडम उकिडव्या बसलेल्या. समोर एक तरणी बाई, डोक्याला फडकं गुंडाळलेलं, मांडीवर लेकरू. मॅडमचा तळहात पुढं, त्यावर गोळ्या. बाई मान फिरवत होती, नको नको म्हणत होती. मॅडम हात तसाच धरून होत्या. मग त्यांनी लेकरू उचलून आपल्या कडेवर घेतलं, म्हणजे बाईचे हात मोकळे झाले. तिनं तांब्या उचलला, एकेक गोळी गिळली आणि चिडून तोंड उघडून दाखवलं, की बघा, गेल्या.

मी खिडकीतून "मॅडम!" अशी हाक मारली. ट्रॅक्टरच्या आवाजात ती त्यांच्यापर्यंत पोचली नाही.

त्या लेकरू कडेवर घेऊन पुढं वाकल्या होत्या आणि तिच्या उघड्या तोंडात बघत होत्या. गोळ्या केव्हाच गेल्या होत्या. बाईनं तोंड मिटलं, हसली, तांब्या खाली ठेवला. मॅडम तरी बघतच होत्या. मग आमची गाडी सुटली.